ओल्या कापसाची गाडी

सतरा-अठरा वर्षांचे दोन पोट्टे चार महिने घरात ठेवून पाहा, म्हणजे स्वतःच्या रक्तामांसाचा वीट कसा येतो ते कळेल. एक माझा मुलगा, दुसरा धाकट्या भावाचा. दोघांची अमरावतीची इंग्रजी शाळा संपली होती आणि कापसाची पहिली वेचणी झाली की त्यांना मुंबईला कॉलेजासाठी निघायचे होते. तोवर ते भातकुलीजवळच्या आमच्या गावी, माझ्या डोळ्यांसमोर होते.

त्यांच्या खोलीत पाऊल टाकले की मी धोतराचा सोगा नाकाला लावायचो. घाम, शिळे खोबरेल, कोपऱ्यात भिरकावलेली धोतरे, उशाखाली अर्धा खाऊन विसरलेला पेरू. पुतण्या सात-आठ भाकरी हाणायचा आणि त्याच खरकट्या हाताने पुस्तकाची पाने उलटायचा. मुलाची तऱ्हा उलटी. तो नाकाने कांदे सोलायचा. तांब्यात आधी डोकावून बघणार, मग पाणी पिणार. पाय शेणात पडला तर अर्धी घागर रिकामी करणार. दोघेही उठायचे ते ऊन अंगणभर झाल्यावर, आणि हाक मारली तर उत्तर आढ्याकडे बघून द्यायचे.

"हे साहेब होतील का नाई, देव जाने. मानसातून मात्र उठले," असे मी बायकोला म्हणायचो.

"जाऊनच राहिले ना आता," ती म्हणायची. "मंग बसा रिकाम्या घरात."

पोरांचेच कशाला, मला तेव्हा साऱ्या मुलखाचीच शिसारी आली होती. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून आमच्या काळ्या मातीला एकाएकी भाव आला. गावाला माज चढला. जन्मभर अनवाणी हिंडलेली माणसे बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवू लागली. मी नाक मुरडून बघत होतो आणि स्वतःला त्यांच्यात धरत नव्हतो.

पहिल्या वेचणीला आम्ही सीतादही केले. आमच्याकडे त्या दिवशी वावरात पूजा मांडून दहीभात वाहतात, घरधनी पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, दही शिंपडतो आणि कापूस असाच पांढरा होऊ दे म्हणतो. मग उरलेला दहीभात सगळ्यांनी तिथेच बसून खायचा. मला वाटले होते, आमचा मुलगा साहेबासारखा नाक दाबून उभा राहील. पण तो मातीत मांडी घालून बसला, त्याने द्रोणातला भात चाटूनपुसून खाल्ला आणि आईकडे आणखी मागितला. त्या एका दिवशी मला तो आवडला, हे कबूल करतो.

पुढच्या आठवड्यात कापूस घरी आला. त्याचा ढीग लावून मी त्यावर पाणी मारले. पुतण्याला वर चढवून तुडवायला लावले, मधे मूठ मूठ माती टाकली आणि वरून कोरड्या कापसाचा थर दिला. वजन वाढवायची ही युक्ती त्या वर्षी गावात घरोघर चालली होती. पुतण्या खिदळत नाचत होता. मुलगा दाराशी आला, त्याने ते पाहिले आणि निघून गेला.

त्या संध्याकाळपासून तो माझ्याबरोबर जेवायला बसेना. आमच्या घरची रीत अशी की घरधन्याने पहिली भाकर मोडून पोरांच्या ताटात तुकडा घालायचा, मगच जेवण सुरू. आता हा कधी पोट दुखते म्हणायचा, कधी वाचायचे आहे म्हणायचा, आणि मी उठल्यावर चुलीपाशी बसून आईच्या हातचे खायचा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटले, झाले, आता बापाचीही घाण वाटू लागली याला. बायको दोघांच्या मधे सापडली.

"जायच्या आधी एक डाव तरी बापाच्या पंगतीले बस," ती त्याला रोज विनवायची. "नाई त हे मनात घेऊन जाशील तू."

दिवस सरत गेले, तो काही बसला नाही. निघायच्या सकाळी तिने कोणालाच विचारले नाही. पुरणपोळी केली आणि तीन ताटे एका ओळीत मांडली. बाहेर कापसाची गाडी भरून उभी होती. तिच्यावरच पोरांनी अमरावतीपर्यंत यायचे आणि तिथून अकोल्याकडे जाणाऱ्या गाड्यांबरोबर रेल्वे गाठायची, असे ठरले होते. पुतण्या ताटावर बसला. मुलगा उभाच.

"काहून रे?" मी ओरडलो. "आतापासूनच आमचं अन्न चालत नाई का तुले?"

"माय रांधते ते चालते, बाबा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "ज्या हातानं वावरात दही शिंपलं, त्याच हातानं तुमी कापसावर पानी मारलं. त्या हाताचा तुकडा मले गिळवत नाई. गाडी खाली करा, कापूस वाळू घाला. मी दोन दिवस थांबतो अन् तुमच्या संगं जेवतो."

बायको माझ्याकडे बघत होती. हो म्हणायला मला काय लागत होते? गाडीच तर रिकामी करायची होती. पण अठरा वर्षांचा पोरगा, त्याच्या आईसमोर, पुतण्यासमोर मला शिकवत होता. मी उठलो आणि बैल जुंपले.

अमरावतीपर्यंत पुतण्या कापसावर पसरून घोरत आला. मुलगा मागून चालत आला, एकदाही गाडीत बसला नाही. बाजारात व्यापाऱ्याने ढिगात कोपरापर्यंत हात घातला, ओला हात बाहेर काढून धोतराला पुसला आणि माझ्याकडे बघून हसला. आपल्यातल्याच माणसाकडे बघून हसावे तसा. मला स्वतःची किळस आली, आणि तरी मीही हसलो.

अकोल्याच्या गाड्या निघायच्या वेळी मुलगा माझ्यासमोर आला. रीतीप्रमाणे वाकला आणि दोन्ही हात माझ्या पायांना लावले. मी आशीर्वाद पुटपुटलो. मग तो गाड्यांपलीकडे बैलांच्या हौदावर गेला आणि त्याने हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. मी बघतो आहे, हे त्याला ठाऊक नव्हते.