मिटलेल्या डोळ्यांचे फोटो

देवाची भांडी चिंच लावून ठेवली होती, समई निम्मीच घासून झाली होती, तेवढ्यात शेजारची निशिगंधा दारात. "काकू, घोळ झालाय."

निशिगंधा चौतिशीची. इथे कोपरला घरी बसून लग्नाच्या फोटोंची निवड करते. ठाण्याच्या कोपरीतला सर्वेश फोटो काढतो, नको ते ही उडवते. एका लग्नाचे चार-पाच हजार फोटो. पूर्वी प्रत्येक फोटो मोठा करून बघायची, तीन दिवस जायचे. मग तिने रीत बदलली. पहिल्या फेरीत विचार करायचा नाही. हललेला किंवा डोळे मिटलेला दिसला की एका बटणावर बाद. तीन दिवसांचं काम एका दुपारवर आलं. मीच कौतुकाने सगळ्यांना सांगत सुटले होते.

परवाचं लग्न आगरी घरातलं. त्यांच्यात विधींना धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणारी बाई लागते, धवलारीण. इथे धवलारीण म्हणजे नवरीची आजीच, सखुबाई. ऐंशीच्या पुढच्या. नातीसाठी शेवटचं म्हणून गायला उभ्या राहिल्या. आणि त्या गातात डोळे मिटून.

"एकूण एक उडाले, काकू! जागा हवी म्हणून कचरापेटीसुद्धा रिकामी केली. आता नवरीची आई म्हणते, आजीचे फोटो आधी पाठवा."

"अगं, डोळे मिटले म्हणून फोटो वाया? माझा देवासमोरचा एकही उरायचा नाही मग."

"टोमणे नंतर मारा हो!"

"कॅमेऱ्यातलं मूळ कार्ड?"

"सर्वेशकडे. चारला त्याला वर्तकनगरला एका बारशाचे फोटो काढायचेत, त्याआधी कार्ड पुसतो तो. फोन उचलत नाहीये."

दोन वाजत आले होते. ती बसेना, उभीही राहीना. मी मनात दत्ताचा जप धरला, तर तोही मध्येच तुटला. सातव्यांदा लावल्यावर सर्वेशच्या आईने, मालनताईंनी फोन उचलला.

"तो जेवतोय गं. काय झालं?"

"त्याला म्हणावं, कार्ड पुसू नको!"

पलीकडे काहीतरी बोलणं झालं. मग मालनताई म्हणाल्या, "एक पुसलंय म्हणतो, एक राहिलंय. लग्नाचं कुठलं ते त्याला आठवत नाही. लॅपटॉप घेऊन ये, बघ तूच."

निशिगंधाने नवरीच्या आईला फोन लावला आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. तिने लॅपटॉप पिशवीत टाकला आणि कार्ड बघायला कोपरीला निघाली.