चाळीसची तार

हे मी आजवर एकाही मित्राला सांगितलेलं नाही. विसरलो होतो म्हणून नव्हे. आकड्यांच्या बाबतीत माझं नाव चांगलं आहे म्हणून. इथे सौदीत, दम्मामच्या कंपनीत मी पाइपांवर येणारे ताण तपासतो. माझी सही झाली की तो आकडा कुणी पुन्हा मोजत नाही. घरीही नाही. आणि नेमकं तिथेच मी—

थोडं मागून सांगतो.

माझी बायको मेधा गाते. लग्नात माहेरून तिने मिरजेचा तंबोरा आणला, तो आमच्याबरोबर इथेही आला. तिची पट्टी काळी चार; बायका साधारण काळी चार-पाचमध्येच गातात. आठ वर्षांपूर्वी तिचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि आवाज खाली उतरला. वर्षभर ती रोज सकाळी तो नवा आवाज चाचपत बसायची. शेवटी तो काळी दोनवर स्थिरावला. ही सहसा पुरुषांची पट्टी. आवाज जाड झाला होता, भरदार झाला होता. मला तो आवडला होता का? हो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे सबब उरायला नको.

त्या दिवाळीला इथल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात ती पेटीवर काळी दोनमध्ये गायली. जेवणाच्या रांगेत नाशिकचा एक सहकारी मला म्हणाला, "वहिनींनी काळी दोन घेतली साहेब. आता तुम्हाला काळी पाच." रांग हसली. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत गाडीत मी तिच्या गाण्याविषयी एक शब्द बोललो नाही.

पुढच्या आठवड्यात तिने तंबोरा काळी दोनला उतरवून पाहिला. तारा लुळ्या पडल्या, नुसत्या खडखडायला लागल्या.

"अरे, जाड तारा लावल्या तर चालेल का? गणित करून सांग ना."

केलं. अवघड नव्हतंच. काळी चारवरून काळी दोन म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून पाच पायऱ्या खाली. तीच तार ठेवली तर ताण छप्पन टक्क्यांवर येतो. तो पहिल्याइतका करायचा तर तार एक तृतीयांशाने जाड हवी. जोडीच्या तारा तीसच्या होत्या, म्हणजे ०.३० मिलिमीटर. त्याजागी चाळीसच्या लावायच्या, बाकीच्या दोन त्याच हिशेबाने. लाकडावरचा भार होता तेवढाच. मी हे वहीत लिहिलं, तारीख घातली, उत्तराखाली रेघ मारली. वही मिटली. आणि तिला सांगितलं, "जाड तारांनी ताण वाढेल. भोपळा तडकेल."

एवढंच. ओरडलो नाही, गाऊ नकोस म्हटलं नाही. नुसता आकडा उलटा सांगितला.

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली.

तंबोरा गवसणीत घालून कपाटामागे गेला. मोबाइलवरचा तंबोरा मीच सुचवला. केवढा तो उदारपणा. दोन दिवसांनी तिने तो बंद केला. "हा माझं ऐकत नाही रे," म्हणाली. मग भाजी चिरतानाचं गुणगुणणंही थांबलं. सात वर्षं. या सात वर्षांत मी किती वेळा सांगू शकलो असतो? मोजलेलं नाही. तेवढंच मी मोजलेलं नाही.

गेल्या महिन्यात खजूर आणायला हुफूफला गेलो होतो. बाजारात आमच्या मुलीला, ईशाला, ऊद म्हणजे अरबी तंतुवाद्य दुरुस्त करणाऱ्याचं दुकान दिसलं. दुकानदार म्हातारा, आपल्या माणसांशी मोडक्या हिंदीत बोलणारा. मेधाने सहज विचारलं, गाणाऱ्याचा आवाज खाली गेला तर काय करता?

"आवाज नीचे, तार मोटा," तो म्हणाला. "खिंचाव सेम सेम. लकडी को मालूम नहीं. खलास."

मेधाने माझ्याकडे पाहिलं. मी तयार होतो. आता विचारेल, आता सांगावंच लागेल. पण ती म्हणाली, "इथलं लाकूड वेगळं असेल, नाही का रे?"

माझी बाजूही तिनेच मांडली. आणि मी काय केलं? मान हलवली. पहिलं खोटं त्या रांगेतल्या हसण्यावर ढकलता आलं असतं. हे दुसरं कशावर ढकलू?

सुट्टीवर गेलेल्या एकाकरवी मिरजेहून तारा मागवल्या. परवा शुक्रवारी सकाळी मायलेकी बाजारात गेल्या असताना तंबोरा बाहेर काढला, पुसला, तारा चढवल्या. फोनवर सूर दाखवणारा काटा बघत एकेक जुळवली. भोपळ्याला काही झालं नाही. होणारच नव्हतं. शेजारी ती जुनी वही, ते पान उघडून ठेवलं.

मेधाने हातातली पिशवीही खाली न ठेवता ते वाचलं. दोनदा वाचलं.

"तारीख तेव्हाचीच आहे," मी म्हणालो. "तडकेल म्हणालो ते खोटं होतं. तू त्या पट्टीत गायलेलं मला नको होतं."

"मम्मा, व्हॉट इज इट?" ईशाने विचारलं.

"बाबांचं गणित आहे," मेधा म्हणाली. "बरोबर आहे."

माझ्याकडे न बघता ती खाली बसली. तंबोरा मांडीवर घेतला, चारही तारा छेडल्या, कान लावून ऐकत राहिली.

"खर्ज चढलाय."

फोनवर काटा मधोमध होता. मी फोन पालथा ठेवला आणि खुंटी सैल केली.

"अजून."

अजून केली.

"हां," ती म्हणाली आणि काळी दोनमध्ये सा लावला.