उंबऱ्याबाहेरची पेटी

रेणापूरजवळच्या त्या गावात नव्या आरोग्य उपकेंद्राला विरूपाक्ष डॉक्टरांचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा सरपंच अंगदरावांनी नांदेडला फोन करून डॉक्टरांच्या नातवाला बोलावणं केलं. नातू म्हणजे दयानंद, निवृत्त मास्तर, सत्तरी कधीच ओलांडलेले. आजोबांविषयी दोन शब्द बोला, अशी विनंती होती. दयानंदांनी आजोबांना पाहिलंच नव्हतं. जे ठाऊक होतं ते आजीकडून, आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

विरूपाक्ष निजामाच्या राज्यात हैदराबादेत डॉक्टरी शिकले आणि तिथली नोकरी नाकारून गावी परतले. घोडीवर बसून आसपासची खेडी फिरायचे. बायको भामाबाई बिलोलीची. मोठा मुलगा गुरुपाद सहा वर्षांचा, धाकटा वीरभद्र अजून पाळण्यात होता.

त्या साली गावात प्लेग शिरला. घराघरांतून उंदीर मरून पडू लागले, तशी माणसं शेतात झोपड्या घालून राहिली. विरूपाक्षांनी लस आणली, पण सुईनंच रोग होतो अशी बोलवा उठली आणि कुणी दंड पुढं करेना. भामाबाई नको नको म्हणत असताना त्यांनी गुरुपादला चावडीपुढं नेलं आणि सगळ्यांदेखत त्याला सुई टोचली. पोरगं रडलंसुद्धा नाही. बाह्या सावरत लोकांकडं बघून हसलं.

आठवडा उलटायच्या आत त्याच्या जांघेत गाठ आली. रोग आधीच अंगात शिरला होता, लस उशिरा पोचली होती. हे विरूपाक्षांना कळत होतं, पण सांगणार कुणाला? गुरुपाद गेला. त्या हंगामात गावात कुणीच सुई घेतली नाही, आणि झोपड्यांतून रोज कुणी ना कुणी उचललं जात होतं.

भामाबाईंनी त्यांना बोल लावला नाही. तान्ह्याला पदराखाली घेतलं, गाडी जुंपायला लावली आणि बिलोलीला माहेर गाठलं. त्या पुन्हा नांदायला गेल्या नाहीत.

पुढं वीरभद्र आठ-नऊ वर्षांचा असताना तापानं फणफणला. दोन्ही कानांतून पू वाहायला लागला. कुणीतरी निरोप धाडला. विरूपाक्ष घोडी दामटत बिलोलीला पोचले आणि औषधाची पेटी घेऊन ओसरीवर चढले. भामाबाई दारातच उभ्या होत्या.

"डागदर म्हणून आला आसाल तर हितूनच फिरा," त्या म्हणाल्या. "बाप म्हणून आलाव तर या आत."

 विरूपाक्ष पेटी ओसरीवर ठेवून आत गेले. ताप उतरेपर्यंत ते पोराच्या उशाशी बसून होते. कपाळावर ओल्या घड्या बदलत होते, पाय चेपत होते. वैद्याचा काढा ते आपल्या हातानं पाजायचे. त्यांनी पोराची नाडीसुद्धा पाहिली नाही. वीरभद्र वाचला, पण त्याचे दोन्ही कान गेले. ते गेल्याचं आधी विरूपाक्षांच्याच ध्यानात आलं. ते उठले, पेटी उचलून घोडीवर बसले.

मग हळूहळू विरूपाक्षांच्या गावात लोक त्यांच्याकडून सुई घेऊ लागले. बाया लेकरांना घेऊन दवाखान्यात रांग लावू लागल्या. विरूपाक्ष एकटेच राहिले, एकटेच गेले. बिलोलीला खबर पोचून वीरभद्र येईपर्यंत गावानं त्यांना माती दिली होती.

दयानंद बहिऱ्या बापाच्या हाताखाली वाढले. बापाला हाक मारायची तर समोर जाऊन उभं राहावं लागे. म्हातारपणी आजीनं त्यांना एवढंच सांगितलं होतं, "त्येंनी पेटी आत आणली आसती तर मी काय हात धरणार हुते व्हय? उगंच ऐकलं माझं."

कार्यक्रमाला दयानंद मुलीला, सुकन्याला, सोबत घेऊन गेले. भाषणं झाली, फलकावरचा पडदा सरला. दयानंदांच्या हाती माईक आला.

"माझ्या चुलत्याचं नाव गुरुपाद," ते म्हणाले. "सहा वर्षांचे होते. गावातली पहिली सुई त्यांना दिली."

मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढचं वाक्य तोंडात होतं. टाळ्या थांबल्या तरी ते बाहेर पडेना. अंगदरावांनी भाषण संपलं असं समजून माईक घेतला आणि त्यांच्या खांद्यावर शाल घातली.

जेवणं झाल्यावर सुकन्यानं पणजोबांची समाधी कुठं आहे म्हणून विचारलं. दोघा-तिघा म्हाताऱ्यांनी ओढ्याकडं हात केला. तिथं आता सोयाबीन उभं होतं आणि नेमकी जागा कुणालाच सांगता येत नव्हती. दयानंद बांधावर उभे राहिले. "बाबा, चला, एसटी निघंल," सुकन्या म्हणाली. तिनं दंडाला धरलं, तेव्हा ते वळले.