दाजींनी नेमून दिलेलं वाचन

"शास्त्रीणबाई, माझ्या मिस्सेला तुम्हीच वाचायचं बरं का," दाजी म्हणाले. माणूस गेल्यावर चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनाविधीला ते मिस्सा म्हणतात. मी त्यांच्यावर खेकसले. "भरल्या घरात काय अभद्र बोलताय!" ती आमची शेवटची भेट. रविवारची दुपार, कूलरची घरघर, अक्का आत भाकऱ्या थापत होती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, टेंभुर्णीच्या शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले, पक्के कॅथलिक. आम्ही बहिणी प्रोटेस्टंट घरातल्या. लग्नानंतर अक्का त्यांच्या चर्चमध्ये गेली. मी मात्र आमच्या मंडळीत संडे स्कूलची बाई म्हणून अजून ठाण मांडून आहे. "वाचणार की नाही, ते सांगा," दाजी काही हटेनात. "वाचीन की. त्यात काय एवढं?" मी शब्द देऊन बसले. पुढचा रविवार उजाडायच्या आत अक्काचा फोन आला... दाजी झोपेतच गेले होते.

'शास्त्रीणबाई' हे नाव त्यांनीच ठेवलेलं, कारण कुठलीही गोष्ट निघाली की माझा एकच सवाल, कुठं लिहिलंय? त्यांच्या आईच्या वर्षाच्या मिस्सेला मी असंच म्हणाले होते. माणूस देवाच्या हाती सोपवलं, आता मागनं वशिला कशाला? मेलेल्यांसाठी प्रार्थना करा, असं कुठं लिहिलंय? दाजी शांतपणे उठले आणि त्यांचं जाडजूड बायबल घेऊन आले. "हे बघा, हितं लिहिलंय." मी पुस्तकाचं नाव पाहिलं आणि तिथंच थांबले. "हे आमच्या बायबलात नाही. तुम्ही घुसडलंय."

"तुम्ही काढलंय," दाजी म्हणाले.

झालं, पेटलो दोघं! बायबलात कुठली पुस्तकं घ्यायची हे बायबलात कुठं लिहिलंय, ते चर्चनंच ठरवलं की, असं त्यांचं म्हणणं. आमच्या आजेपणज्यांना अक्षर येत नव्हतं, तरी विश्वास त्यांच्यापर्यंत पोचलाच ना? तो तोंडातोंडी, पिढ्यान् पिढ्या जपलेल्या रिवाजातून पोचला. मी म्हणायची, आणि ठरवणारे चुकले तर? माणसांच्या वर पुस्तक पाहिजे. आमच्यात चर्च चालवणाऱ्या पाळकसाहेबांनासुद्धा शास्त्र पुढं ठेवून जाब विचारता येतो. यावर दाजी हसून म्हणायचे, "व्हय, आणि पटलं नाही की दुसऱ्या दिवशी नवीन चर्च, नवीन बोर्ड!" मला राग यायचा आणि हसूही यायचं. अक्का भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात आपटून दोघांनाही गप्प करायची.

पुढं साखरेनं त्यांची नजर नेली. मग आमची उपासना सुटली की मी थेट त्यांच्याकडं जायची आणि त्यांच्याच बायबलातून त्यांना वाचून दाखवायची. मी उघडलं की अक्का उठून कूलर बंद करायची, म्हणजे त्यांना नीट ऐकू येईल. क्रमानं वाचत गेलं की मध्येच ती जादाची पुस्तकं यायची. तिथं मी सगळा गठ्ठा चिमटीत धरून एकदम उलटायची. दाजींना तो आवाज बरोबर कळायचा. "मोठी उडी मारली वाटतं," एवढंच म्हणायचे आणि खुर्चीत मागं टेकून बसायचे. ती पानं वाच, असं त्यांनी मला कधी म्हटलं नाही.

मिस्सेच्या दिवशी अक्कानं तेच बायबल माझ्या हातात दिलं. दाजींनी सांगून ठेवलेल्या जागी लाल फितीची खूण होती. उघडून पाहते तर काय, आमच्या भांडणातलं तेच पान! जाता जाता गाठलं की हो मला. वाचायला काही जड नव्हतं, पण त्यांच्यात वाचन संपलं की वाचणाऱ्यानं 'हा प्रभूचा शब्द' असं सगळ्यांपुढं म्हणायचं असतं. मी उभी राहिले आणि समोर पाहिलं. तत्त्व आडवं आलं, असं लोकांना सांगायला मी मोकळी आहे. पण खरं सांगते, मला मागच्या बाकांवरची आमची माणसं दिसली. पाळकसाहेब, मी शिकवलेल्या बाया... उद्या हे काय म्हणतील? माझ्या हातांनी तो गठ्ठा सवयीनं उलटला, आणि मेंढपाळाचं पाठ असलेलं स्तोत्र मी खणखणीत आवाजात वाचून मोकळी झाले. माणसांच्या वर पुस्तक म्हणणारी मी, चार माणसांच्या नजरेला भ्याले. बाहेर आल्यावर आमच्याच एक बाई म्हणाल्या, "किती सुंदर वाचलंत हो!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्का मात्र घरी पोचल्यावर चपला काढताना म्हणाली, "त्यांनी तुला चार ओळीच मागितल्या होत्या गं."

त्यानंतर कितीतरी रविवार मी तिकडं फिरकले नाही. तोंडच नव्हतं. अखेर गेल्या रविवारी गेले. दाजींची खुर्ची कूलरसमोर होती तशीच होती. अक्कानं बायबल माझ्या मांडीवर ठेवलं आणि उठून कूलर बंद केला. मी पानं उलटत त्या गठ्ठ्यापाशी आले. लाल फीत अजून तिथंच होती, या वेळी मी उडी मारली नाही. लढाईत पडलेल्या माणसांची हकिकत होती. त्यांच्या कपड्यांखाली मूर्तीचे ताईत सापडले, म्हणजे ती चुकलेली माणसं होती. तरी मागं राहिलेल्यांनी त्यांच्याकडं पाठ फिरवली नाही, त्यांच्या पापांची क्षमा मागितली. हे चूक आहे असं मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आले, आणि वाचत होते त्या दिवशी पहिल्यांदा! लाज वाटली, फार लाज वाटली.

वाचून झालं. अक्का वाट पाहत होती. 'हा प्रभूचा शब्द' हे काही माझ्या तोंडून निघालं नाही, खोटं कशाला सांगू? मी अजून प्रोटेस्टंटच आहे. खुर्चीकडं बघत मी एवढंच म्हणाले, "चुकलं माझं, दाजी."

अक्का म्हणाली, "मेलेल्या माणसाशी बोलतीस? कुठं लिहिलंय गं?"

आणि पदरानं डोळे पुसत तिनं कूलर लावला. त्याचं तोंड अजून दाजींच्या खुर्चीकडंच आहे.