अण्णांच्या हातातलं स्टीअरिंग

काल सिग्नलला तापलेल्या ब्रेकचा करपट वास आला आणि वडील आठवले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. मल्लेश्वरमच्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला की त्यांच्या हातातलं स्टीअरिंग थरथरायचं. वयामुळे त्यांचा हात कापतोय, असं मी ठरवून टाकलं, त्यांना ते सारखं ऐकवलं आणि किल्ली मागितली. "अरे, जेवताना कापतो का माझा हात? ब्रेक दाबल्यावरच बरा कापतो," ते म्हणाले. मी ऐकलं नाही, तेव्हा "सरी", म्हणजे कानडीत 'बरं', म्हणून त्यांनी किल्ली दिली. पुढे होसकोटेहून येताना मी ब्रेक दाबला आणि स्टीअरिंग माझ्याही हातात तसंच थरथरलं. गॅरेजवाल्यानं पुढची चाकं काढून पाहिली, तर ब्रेकच्या डिस्क वाकल्या होत्या. त्या बदलून मी घरी आलो, सगळं सांगितलं आणि किल्ली अण्णांपुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. "तूच चालव. तू इतक्यांदा म्हणालास, आता मलाही तसंच वाटतं." त्यानंतर गाडीत ते माझ्या शेजारी बसायचे, एका हातानं दुसरा हात घट्ट धरून. मी रस्त्याकडे बघत राहायचो. अण्णा गेल्यावरही डावीकडे बघायला मला जड जातं.