होकार, थंड आमरसासह

माझे दात किडलेले नाहीत. ते मी स्वतः घासून झिजवले आहेत.

जळगावच्या दाताच्या डॉक्टरांनी मला ते आरशात दाखवलं. हिरड्या मागे सरकलेल्या आणि उघड्या पडलेल्या मुळांवर आडव्या खाचा. "मुळाला वरच्यासारखं कठीण कवच नसतं," ते म्हणाले. "तुम्ही ब्रश करता की करवत चालवता?" मऊ ब्रश, हलका हात आणि थंड बंद, एवढं सांगून त्यांनी मला सोडलं.

भाच्यासाठी धुळ्याला मुलगी बघायला जायच्या सकाळी मी हे सगळं बाजूला ठेवलं (बोलणी करणाऱ्या मामाचे दात चकाकले पाहिजेत, असं माझं मत) आणि जुना कडक ब्रश काढला.

"हळू घासा, पातेलं नाहीये ते," बायको बाहेरून म्हणाली. मी जोर वाढवला.

भाचा आणि मुलगी फोनवर बोलून आधीच एकमेकांना पसंत करून बसले होते. उरला होता वडीलधाऱ्यांचा होकार. भाच्याला वडील नाहीत, त्यामुळे तो मी द्यायचा होता. जळगावातल्या पिंप्राळ्यापासून धुळ्यापर्यंत भाचा गाडीत एकच सांगत होता, "मामा, जास्त बोलू नका. फक्त हो म्हणा."

मला तेवढंही जमलं नाही.

जेवताना मुलीच्या आजोबांनी, म्हणजे नानांनी विचारलं, "मंग मामा, पोर कशी वाटनी?" नेमका तेव्हाच मी आमरसाचा चमचा तोंडात घातला. आमरस थेट फ्रीजमधून आला होता. दातातून निघालेली कळ कानापर्यंत गेली. डोळे मिटले, तोंड वाकडं झालं आणि मान जोरजोरात डावी-उजवीकडे हलली.

मुलगी उठून आत गेली. भाच्याचा घास हातातच राहिला.

"मामाले पोर पसंत नही," नाना म्हणाले.

"तसं नाही हो नाना," बहीण घाबरून म्हणाली. "दादा, बोल ना."

बोलायला तोंड उघडलं, तर कूलरचा गार झोत नेमका त्याच खाचांवर आला. मान पुन्हा हलली.

"परत नहीच म्हनी ऱ्हायनात," नानांनी ताट सरकवलं.

शेवटी बायकोने तोंड उघडलं. "नाना, दोष मुलीत नाही, यांच्या दातांत आहे. घासून घासून खड्डे पाडलेत."

नानांचा विश्वास बसेना. त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला. "उघाडा तोंड, भाऊ." मी उघडलं. नानांनी पाहिलं, मग मुलीच्या वडिलांनी, मग काकांनी. (काकांनी चष्मा मागवला.)

"कुऱ्हाड लायी का काय?" नाना म्हणाले.

आतून मुलगीही आली, वाकून बघून गेली आणि कोमट पाणी घेऊन आली. "मामा, आमरस जरा वेळ बाहेर ठेवू का?"

मी मान हलवली, या वेळी वर-खाली. सोयरीक जमली.

मुलगी बघण्याच्या त्या कार्यक्रमात मुलीकडे कुणी धड पाहिलंच नाही. टॉर्च लावून पाहिलं गेलं ते माझं तोंड, आणि ते कुणालाही पसंत पडलं नाही.