कमलाकांतची बारीक वायर

दांडी गाव मागे पडून दोन तास झाले होते. देवीचा डोंगर अजून लांबच. अनवाणी चालायचं कमलाकांतने स्वतःच ठरवलेलं, पण कण्हणं मात्र हंसाच्या कानाशी. विहिरीवरची पाण्याची मोटर तीनदा जळली होती. चौथ्यांदा जळू नये म्हणून तो देवीला गाऱ्हाणं घालायला निघाला होता.

हंसा त्याची थोरली वहिनी. बोईसरला एका दुकानात जळलेल्या मोटरींत नवी तार भरून द्यायचं काम करते. याची मोटर तिन्ही वेळा तिनेच भरली होती. दर वेळी आतली तार कोळशासारखी.

"भावजी, देवीला सांगनार काय?"

"मोटर सांभाळ म्हनून."

"आनि वायर कोन बदलनार? ती पन देवीच?"

कमलाकांत म्हणजे तीस वर्षं होडी चालवलेला तांडेल. वाऱ्याचा वास घेऊन होडी माघारी फिरवणारा म्हणून गावात मान. तिथवर ठीक. पण जमिनीवर उतरला तरी अक्कल होडीचीच! होडीचं मशीन हळू मारलं की डिझेल वाचतं, म्हणून मोटर हळू चालली की बिल वाचेल, असं याने ठरवलं. घरापासून विहिरीपर्यंत तीनशे फूट वायर टाकली, ती बल्बची, बारीक. पाणी चढवायचं कधी? तर संध्याकाळी, अख्ख्या गावाच्या मोटरी चालू असताना. "तवा होल्टेज कमी असतं, मीटर दमानं फिरतो," हे ज्ञान वर चारचौघांत फुकट वाटायचं. बिल वाढलं की वीजवाले चोर.

"मी मोजलंय," हंसा म्हणाली. "घरात दोनशे दहा, विहिरीपाशी एकशे साठ. मोटरला पानी तर चढवायचंच हाय. होल्टेज कमी पडलं की ती करंट जास्त ओढते, तापते. पानी येतं सुतळीएवढं. अर्ध्या तासाची टाकी दीड तासाला भरते, तवर मीटर काय झोपतो? वायर तापते ती पन तुमच्याच बिलात."

"देवीच्या वाटेवर असं बोलू नये, वयनी."

"देवीला मी रोज हात जोडते. तुमची वायर तिच्या गळ्यात नाय घालत."

मोटर जळली की आठ-आठ दिवस विहिरीचं पाणी त्याची बायको जमना शेंदायची. आता तिचा उजवा खांदा वर होत नाही. वेणीसुद्धा हंसा घालून देते. डॉक्टरने बजावलंय, आणखी एकदा शेंदलंत तर हात कायमचा गेला. तेवढं ऐकूनही हा गृहस्थ वायरीला हात न लावता डोंगर चढायला निघालेला.

"आज सकाळी तिनं डाव्या हातानं चहा गाळला," हंसा म्हणाली. "निम्मा ओट्यावर. बघितलंत?"

डोंगराचा पायथा आला तसा कमलाकांत एका दगडावर बसला. टाचेतला काटा काढायला त्याला बराच वेळ लागला. मग मान वर न करताच तो म्हणाला, "वयनी, जाडी वायर तुमीच आना दुकानातून. आनि जमनाला सांगा, देवीनं कौल दिला वायर बदलाचा. माजी चूक व्हती, असं नका सांगू."